याजकपद आणि जन्म

जुन्या करारांत याजकपद कुळाचें होतें. लेवीच्या वंशांत, अहरोनाच्या घराण्यांत जन्म झाला तरच वेदीपाशीं उभें राहतां येई. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रानें हें बंधन तोडलें. ख्रिस्त यहूदाच्या वंशांतला. तरी नव्या कराराचा महायाजक तोच, मलकीसदेकासारखा, आणि त्याचें बलिदान एकदांच, कायमचें.

सतराव्या शतकांतील गोव्यांत मात्र जन्म पुन्हां आडवा आला. दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतल्या मातेउस द कास्त्रोस, देशी म्हणून, पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनीं याजकाची दीक्षा नाकारली. त्यानें थेट रोम गांठलें. १६२२ मध्यें तेथें स्थापन झालेल्या धर्मप्रचार-मंडळानें त्यास आश्रय दिला. तो याजक झाला. १६३७ मध्यें बिशपपदासही चढला, आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठीं पोपचा प्रतिनिधि होऊन परतला. गोव्यांतील वरिष्ठांनीं त्याचा अधिकार मानला नाहीं तो नाहींच.

१६५३ मध्यें त्यानें पोर्तुगिजांवर कडक टीका करणारा ग्रंथ लिहिला. त्याचें नांव ‘ब्राह्मणांचा आरसा’! जन्मापायीं ज्यास वेदी नाकारली गेली, त्यासही गाऱ्हाणें मांडतांना जातीचेंच नांव सुचावें, हें नवल खरें. १६७७ मध्यें तो रोमलाच वारला.