पाण्याखालची जमीन कोणाची?

शिकागो शहराचे नाव आपल्याकडे दोन कारणांनी घरोघर पोचले. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी तेथील कामगारांनी संप केला, आणि ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. परिषदेची ती इमारत मिशिगन सरोवराच्या बाजूस आजही उभी आहे आणि तिच्या पाठीमागून रेल्वेचे रूळ जातात. मला बोलावयाचे आहे ते त्या रुळांविषयी आणि रुळांपलीकडे पाण्याखाली असलेल्या जमिनीविषयी. परिषदेच्या नऊच महिने आधी त्या जमिनीचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मी वकील नव्हे. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुढच्या तारखेची वाट पाहता पाहता. परंतु हा खटला केवळ वकिलांनीच वाचावा असा नाही.

नदीचा, खाडीचा तळ कोणाचा, हा प्रश्न फार जुना आहे. रोमन कायद्याने वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा सर्वांचे मानले. इंग्लंडात भरतीचे पाणी चढते तेथवरचा तळ राजाचा ठरला. अमेरिकेने राजाला घालवून दिल्यावर तो त्या त्या राज्याकडे आला. पण कोणत्या नात्याने आला? मालक म्हणून, की सांभाळणारा म्हणून? १८२१ साली न्यू जर्सीत असाच एक तंटा निवाड्यास आला. रॅरिटन नदीकाठच्या एका शेतमालकाने पात्रात कालवे लावली (खाण्याची कालवे, पाटबंधाऱ्याची नव्हेत!) आणि खुंट ठोकून जागा आपली म्हटली. दुसऱ्याने होड्या घालून ती उचलली. न्यायालयाने शेतमालकाचा दावा फेटाळला. तळ राज्याने जनतेसाठी धरलेला आहे, असे न्यायमूर्तींनी सांगितले. तेथे भांडण कालवांचे होते. शिकागोत सबंध बंदर पणाला लागले.

१८५२ साली शिकागोने इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सरोवराच्या कडेने रूळ टाकू दिले. लाटांनी किनारा खचत होता. कंपनीने बांध घालून तो राखावा आणि बदल्यात वाट घ्यावी, असा सौदा झाला. त्यात मला फारसे वावगे दिसत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. १८६९ साली राज्याच्या विधिमंडळाने या कंपनीला किनाऱ्यापासून मैलभर आत आणि लांबीला मैलाहून अधिक एवढा सरोवराचा तळ कायमचा देऊन टाकला. एकंदर हजार एकरांहून अधिक! गव्हर्नर पामर यांनी विधेयक परत पाठवले. सभागृहाने त्यांचा नकार बाजूला सारून ते पुन्हा मंजूर केले. तळ विकता येणार नाही एवढी अट कंपनीवर होती, आणि त्यापासूनच्या उत्पन्नाचे शेकडा सात राज्याला मिळावयाचे होते. शेकडा सात! आणि त्यासाठी शहराच्या बंदराच्या किल्ल्या एका कंपनीच्या कनवटीला.

चारच वर्षांत, १८७३ साली, विधिमंडळाने हा कायदा रद्द केला. रेल्वेच्या भाड्यावरून शेतकरी तेव्हा खवळलेले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी म्हणाली, एकदा दिले ते दिले. तो करार आहे, आणि करार मोडण्याचा अधिकार राज्याला घटनेने दिलेला नाही. १८८३ साली राज्यच न्यायालयात गेले. निकाल लागला ५ डिसेंबर १८९२ रोजी.

निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. हे गृहस्थ काही कामकऱ्यांचे कैवारी नव्हते. याच शिकागोतल्या धान्यकोठारांचे दर राज्याने ठरवू नयेत, असे भिन्न मत त्यांनी १८७७ साली नोंदवले होते. खाजगी मालमत्तेचा एवढा मोठा रखवालदार, पण येथे त्यांनी कंपनीच्या विरुद्ध कौल दिला. राज्याची या तळावरची मालकी ही विकाऊ जमिनीसारखी नव्हे, असे ते म्हणाले. लोकांना नावा हाकता याव्यात, व्यापार करता यावा, मासे धरता यावेत म्हणून राज्य ती विश्वस्ताच्या नात्याने धरते. धक्क्यासाठी एखादा तुकडा देता येईल, पण उरलेल्या पाण्यावरचा लोकांचा हक्क त्याने बाधता कामा नये. सबंध बंदराचा ताबा सोडणे म्हणजे विश्वस्ताने विश्वस्तपणच टाकून देणे होय. असे दान मुळातच रद्द नसले, तरी केव्हाही मागे घेता येते.

नऊपैकी दोन न्यायमूर्ती बाजूला बसले होते. सरन्यायाधीश याच खटल्यात पूर्वी वकील होते, आणि दुसऱ्यांपाशी कंपनीचे भाग होते. उरलेल्या सातांत चार एका बाजूला, तीन दुसऱ्या. जमीन हवी तर राज्याने भरपाई देऊन परत घ्यावी, असे त्या तिघांचे म्हणणे. एका मताने सरोवर वाचले! रूळ मात्र कंपनीकडेच राहिले.

हा निकाल आपल्याकडे पोचावयास शंभरांवर वर्षे लागली. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेल कंपनीने वनजमीन भाडेपट्ट्याने मिळवली आणि पुराचे पाणी आपल्या आवाराकडे येऊ नये म्हणून यंत्रे लावून नदीचा प्रवाहच वळवला. १३ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागोच्या निकालाचा आधार घेऊन तो पट्टा रद्द केला, आणि पूर्वस्थिती आणण्याचा खर्च कंपनीवर टाकला.

परंतु बी आपल्या घरातही होते. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याचे ३७ वे कलम काढून पाहावे. तेच पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २० वे कलम झाले. भरतीरेषेखालचा समुद्र व खाड्यांचा तळ, नद्या, नाले, तळी ही सरकारची मालमत्ता, असे ते जाहीर करते, आणि जिल्हाधिकाऱ्याला त्यांची विल्हेवाट लावू देते. वाचणारे बहुधा येथेच थांबतात. वाक्य मात्र पुढे चालू आहे. ही विल्हेवाट जनतेच्या वहिवाटीच्या आणि कायद्याने चालत आलेल्या इतर सर्व हक्कांना सदैव अधीन राहील, असे त्यात लिहिले आहे. हे शब्द छापले गेले, तेव्हा शिकागोच्या निकालास अजून तेरा वर्षे अवकाश होता.