ऊसतोड कामगारांचे स्थलांतर आणि एचआयव्ही : गेवराई तालुका

गेवराई (जि. बीड) परिसरातील गावे व तांडे सोडून दरवर्षी सुमारे सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या कामगारांना एचआयव्ही संसर्गाचा धोका कोणत्या परिस्थितीतून निर्माण होतो, चाचणी व औषधोपचार त्यांच्यापर्यंत पोहोचतात की नाही, आणि हे सचोटीने कसे शोधावे, यासंबंधीचे अभ्यासक्षेत्र. सार्वजनिक आरोग्य, मजुरीची पद्धत आणि स्त्रियांचे आरोग्य हे तिन्ही विषय येथे एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांतला एकच वेगळा काढून केलेला अभ्यास अपुरा पडतो.

स्थान व स्थलांतर : गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचते तिथे ऊस पिकतो आणि गढी येथे जय भवानी सहकारी साखर कारखानाही आहे. कालव्याबाहेरच्या कोरडवाहू गावांतून व बंजारा तांड्यांवरून मात्र दिवाळीच्या आगेमागे माणसे बाहेर पडतात. म्हणजे हा तालुका मजूर पाठवणारा आहे, तसाच काही प्रमाणात मजूर बोलावणाराही आहे. धुळे–सोलापूर महामार्ग गेवराई शहरावरून जातो आणि त्यावर बारमाही मालवाहतूक चालते. टोळ्या जातात त्या अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत), परत येता येत नाही. मजुरीचे एकक ‘कोयता’, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यातून असे काही लाख लोक दर हंगामात बाहेर असतात.

रूढ वर्गवारीची मर्यादा : राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको, स्थापना १९९२) स्थलांतरित मजूर आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांना ‘सेतू लोकसंख्या’ मानते. अधिक जोखमीचे गट आणि सर्वसाधारण कुटुंबे यांना जोडणारा हा वर्ग, अशी त्यामागची कल्पना. २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एकट्याने स्थलांतर करणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाण ०.५१ टक्के, ट्रकचालकांत ०.८६ टक्के आणि गरोदर स्त्रियांत ०.२८ टक्के आढळले. हे आकडे महत्त्वाचे आहेत, पण त्यांतला ‘एकटा पुरुष’ हा शब्द नीट वाचला पाहिजे. महाराष्ट्रासह चार राज्यांतील मजुरांवर निरंजन सग्गुर्ती, रवी वर्मा व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही पुरुषांवरच होता. ठेकेदारामार्फत आलेले आणि स्वतःहून आलेले मजूर यांची त्यात तुलना होती, आणि प्रतिबंधाच्या कामात ठेकेदारांचा उपयोग होईल का, हा प्रश्न त्यांनी मांडला. गेवराईचा ऊसतोड कामगार या चौकटीत बसत नाही. तो बायकोला घेऊन जातो, पुष्कळदा मुलांनाही. मुंबईच्या बांधकामावरचा किंवा सुरतेच्या यंत्रमागावरचा आकडा उचलून ऊसतोडीला लावणे चुकीचे आहे. त्यातून एका कष्टकरी समाजावर नाहक ठपका बसतो, आणि खरा धोका जिथे आहे तिथे कोणी पाहत नाही.

धोक्याची ठिकाणे : जोडीने गेल्यामुळे काही धोके कमी होतात, काही नवे तयार होतात. कारखान्याच्या तळावरच्या कोपीला (झोपडीला) दार नसते, आडोसा नसतो. पहाटे चारला फडात जाणाऱ्या आणि रात्री-अपरात्री गाडी भरणाऱ्या स्त्रियांना मुकादम, गाडीवाले किंवा स्थानिक पुरुष यांच्याकडून लैंगिक जबरदस्तीचा धोका असतो. उचलीच्या दडपणामुळे त्याची वाच्यता होत नाही. उरलेल्या सहा महिन्यांत पुरुष अनेकदा एकटेच पुण्या-मुंबईला किंवा वाहनावर कामाला जातात, म्हणजे एकाच माणसाची दोन वेगळी स्थलांतरे असतात. केवळ हंगामातले वर्तन विचारणारी प्रश्नावली यातले अर्धे आयुष्य गाळते. तिसरी गोष्ट लग्नाच्या वयाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. मुलीला मागे कुणाकडे ठेवायचे ही आईबापांची काळजी आणि कोयता पूर्ण करण्याची गरज, ही त्याची दोन कारणे गावात उघड सांगितली जातात. अशा मुलीला नवऱ्याच्या पूर्वायुष्याबद्दल विचारण्याची किंवा निरोधचा आग्रह धरण्याची मुभा नसते. शिवाय निरोध हे साधन पाळणा लांबवण्यापुरते समजले जाते. स्त्रीचे ‘ऑपरेशन’ (नसबंदी) झाले की त्याची गरज संपली, असे दोघेही मानतात. ही समजूत मोडणे हे प्रतिबंधाचे पहिले काम आहे.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया आणि न झालेल्या चाचण्या : २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करण्यास मज्जाव झाला. या प्रकरणाची चर्चा पाळी, खाडा (कामावरची गैरहजेरी) आणि नफेखोर डॉक्टर यांच्याभोवती झाली, आणि ते योग्यच होते. एचआयव्हीच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारायला हवा. बाई दवाखान्यात आली ती बहुतेक वेळा ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘ओटीपोट दुखते’ ही तक्रार घेऊन. फडात पाणी नाही, शौचालय नाही, पाळीचे कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. यातून जननमार्गाचे संसर्ग होतात. काही संसर्ग नवऱ्याकडूनही येतात, आणि लैंगिक संसर्ग अंगावर असताना एचआयव्हीची लागण अधिक सहज होते.

या तक्रारींवर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे. ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांनुसार रंगीत पाकिटांतून ते दिले जाते : योनीतून स्राव होत असल्यास हिरवे, ओटीपोटाच्या दुखण्यास पिवळे. सोबत जोडीदारावर उपचार, गुप्तरोगाची व एचआयव्हीची चाचणी असा क्रम आहे. पिशवी काढून टाकलेल्या बाईच्या वाट्याला यातले काय आले? तिचा नवरा कधी तपासला गेला का? शस्त्रक्रियेने एचआयव्हीपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही, उलट गर्भधारणेची भीती गेल्याने निरोध कायमचा सुटतो. गेवराईत या विषयावर एकच अभ्यास करायचा असेल, तर तो इथून सुरू करावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे.

सेवा आणि हंगामाचे वेळापत्रक : भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. मोफत एआरटी (विषाणूरोधक) औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ पासून निदान होताच, सीडी-४ पेशींची संख्या न पाहता, औषध सुरू केले जाते. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसाला एक गोळी पुरते. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी ठेवला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. गेवराईकरांसाठी चाचणीची सोय उपजिल्हा रुग्णालयात, तर उपचाराची बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे.

चाचणी ते उपचार ही साखळी रुग्णाच्या पत्त्यावर उभी आहे आणि कामगाराला वर्षातले सहा महिने पत्ता नसतो. याचा फटका सर्वांत आधी बाळाला बसतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या आईच्या बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध द्यावे लागते, सहाव्या आठवड्यात पहिली चाचणी असते, पुढे सहाव्या व बाराव्या महिन्यात, आणि अठराव्या महिन्यात अंतिम निदान. सप्टेंबरअखेर गेवराईत जन्मलेल्या बाळाचा सहावा आठवडा नोव्हेंबरात येतो, तेव्हा ते कराड किंवा वाळव्याकडच्या एखाद्या कोपीत असते. आईची गरोदरपणातली नोंद आशाताईंच्या वहीत गावी राहते आणि तळावरच्या आरोग्यसेविकेला त्या नोंदीची माहिती नसते. आईला दवाखान्यात जायचे तर दिवसाचा खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. चाचणी केंद्र उघडते तेव्हा ती फडात असते, ती परतते तेव्हा केंद्राला कुलूप असते. अशा बाईला ‘उपचार अर्धवट सोडणारी’ म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. प्रवासातल्या रुग्णाला उपचारपुस्तिका दाखवून दुसऱ्या केंद्रातून औषध देण्याची, तसेच एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय कार्यक्रमात आहे. ती टोळी निघण्यापूर्वी वापरली गेली पाहिजे.

संशोधनाची पद्धत : पाहणीच्या तीन वेळा सोयीच्या आहेत : पोळ्यानंतर टोळ्या ठरत असताना गावात, हंगामाच्या मध्यावर तळावर, आणि पट्टा पडल्यावर पुन्हा गावात. त्याच माणसांना तिन्ही वेळा भेटले तरच स्थलांतराचा परिणाम कळतो. नव्या संसर्गाची खूण चाचणीत उमटायला काही आठवडे लागतात, हेही त्यात धरावे लागते. मजुरांची तयार यादी मुकादमाकडे किंवा कारखान्याच्या स्लिपबॉयकडे (तोडणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) असते. ती वापरण्याचा मोह होतो, पण ज्याने उचल दिली आहे त्याच्या शब्दावर मिळालेली संमती ही संमती नव्हे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी किंवा संशोधन करता येत नाही, निष्कर्ष उघड करता येत नाही आणि संसर्गामुळे कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. कारखाने मजुरांना मुकादमाची माणसे म्हणतात आणि मुकादम कारखान्याची. या जबाबदारीच्या टोलवाटोलवीत कायद्याचे संरक्षण तळापर्यंत पोहोचत नाही.

नवरा-बायकोची मुलाखत स्वतंत्र घ्यावी, बाईची बाईनेच घ्यावी. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) येणारी कार्यकर्ती हवी. मुलाखतीसाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी. आणि ज्याची चाचणी होकारात्मक येईल त्याला पुढचा उपचार कुठे मिळेल, हे पाहणी सुरू होण्याआधी ठरलेले असावे. उपचाराची सोय न करता रक्त गोळा करणारे संशोधन करूच नये.

संस्थात्मक काम : बीडजवळ पाली येथे दत्ता व संध्या बारगजे यांच्या ‘इन्फंट इंडिया’ने आणि लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांच्या ‘सेवालय’ने एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना घर दिले. या मुलांचे शिक्षण, लग्न, रोजगार हे प्रश्न या संस्थांनी समाजापुढे आणले. ऊस पट्ट्यात, सांगलीत, १९९२ पासून ‘संग्राम’ संस्था काम करते, तर विषाणूवरील शास्त्रीय संशोधनाचे केंद्र पुण्याची, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी, संस्था राहिले आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मजुरांची नोंदणी आहे. गाव आणि तळ या दोन्ही ठिकाणच्या आरोग्यसेवा जोडण्यासाठी हीच नोंदणी सर्वांत उपयोगी पडू शकते, मात्र तिच्यात एचआयव्हीचा उल्लेख कधीही असू नये.

चाचणी, समुपदेशन व औषध ही तिन्ही सरकारी केंद्रांत मोफत व गोपनीय आहेत. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे आणि तो कोणत्याही जिल्ह्यातून, कोणत्याही तळावरून लावता येतो.