फुकटचा वॉचमन

डोंबिवलीतल्या आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिसरीत होतो. त्यात विंडोज एक्सपी होतं आणि अवास्ट नावाचा फुकटचा अँटिव्हायरस. व्हायरसची यादी अपडेट झाली की स्पीकरमधून एक बाई तसं इंग्रजीत सांगायची आणि आजी स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण आलंय रे?"

ती बाई प्रागची. १९८८ मध्ये पावेल बाउडिश यांच्या हाती 'व्हिएन्ना' हा व्हायरस लागला. तो काढायचा प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि एदुआर्द कुचेरा यांच्यासोबत अवास्टचा संसार मांडला. २००१ पासून घरगुती वापरासाठी तो फुकट मिळू लागला.

साधारण अशीच गोष्ट पुण्यातही घडली. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले, त्यातले बरेच व्हायरसने बेजार. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते साफ करायचे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आला. तो विकत घ्यावा लागायचा, म्हणून आमच्याकडे प्रागची बाई.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट थांबवला. अँटिव्हायरस तर चालूच होता, मग बिघडलं काय?

अँटिव्हायरस म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याच्याकडे चोरांचे फोटो असतात, संशयास्पद हालचालीही तो टिपतो. पण कंपाउंडच्या भिंतीला भगदाड पडलं तर ते बुजवणं त्याचं काम नाही, ते बिल्डरचं. एक्सपीचा बिल्डर त्या दिवशी निघून गेला.

भगदाडाचा अर्थ मे २०१७ मध्ये कळला. वॉनाक्राय विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या चुकीतून घुसला. तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण सपोर्ट असलेल्या विंडोजसाठी. एक्सपीला ती अपवाद म्हणून, हल्ल्यानंतर मिळाली. गंमत म्हणजे सर्वाधिक फटका विंडोज ७ ला बसला. तिथे बिल्डर हजर होता, लोकांनी दुरुस्ती करून घेतली नव्हती. जूनमध्ये याच भगदाडाचाही वापर करणाऱ्या नॉटपेट्याने जेएनपीटीतलं मर्स्कचं टर्मिनल ठप्प केलं. न्हावाशेवा आपल्यापासून किती लांब?

फुकटाचा हिशोबही पुढे निघाला. २०२० मध्ये उघड झालं की अवास्ट वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट ही तिचीच उपकंपनी विकत होती. जम्पशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले.

आता विंडोज १० ची पाळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती मशीनला नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यातला फुकटचा डिफेंडर मात्र व्हायरसची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेत राहणार. म्हणजे बिल्डर गेल्यावरही वॉचमन दोन वर्षं गेटवर.

कल्याणच्या मामांचा परवा फोन आला, "जुन्या मशीनवर कुठला फुकटचा टाकू?" म्हटलं, डिफेंडर आहे तोच राहू दे, पण आधी ती नोंदणी करा. ती मुदत संपली की लिनक्स टाकायला मी येतो. तेही नको असेल तर नेटची वायर काढा आणि नुसते फोटो बघा. बँकेचं काम त्यावर नको.

मामा म्हणाले, "म्हणजे अँटिव्हायरस मी उगाच शोधत होतो?"

उगाच नाही मामा. फक्त भिंत आधी बघायची.