मंगलपर्यंतची रांग

मुंबईत जुहूच्या 'एनसीएसटी' या सरकारी संगणक संस्थेत अक्षररचनाकार र. कृ. जोशी काम करत. त्यांनी घडवलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला. आज तो जुनाट वाटतो, पण मराठी वेबपानांच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेत, फॉन्टच्या नावांची जी रांग लावतात, तिच्या शेपटाकडे तो अजून दिसतो: मुक्ता, निर्मला यूआय, मंगल. पहिला मिळाला तर तो, नाहीतर पुढचा. नव्याची हौस भागवायची आणि जुन्या ब्राउझरलाही वाऱ्यावर सोडायचं नाही, या तंत्राचं हे सर्वांत साधं रूप.

त्याचं मूळ सर्न या संशोधन संस्थेत सापडतं. होकोन वियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला, पुढे बर्ट बॉस साथीला आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एक नियम होता: जे कळत नाही ते सोडून दे आणि पुढे वाच. एरवी संगणकाच्या भाषा एका चुकलेल्या चिन्हावर अडून बसतात. इथे अडाणीपणालाच मुभा मिळाली. मग आधी जुनी ओळ लिहायची आणि तिच्याखाली नवी. जुना ब्राउझर नवी ओलांडून जातो, नवा शेवटचीच मानतो. पुढच्या सगळ्या क्लृप्त्या याच नियमाच्या वंशातल्या.

मराठीने मात्र आधी आडवाट धरली. डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी, शिवाजी, आकृती हे फॉन्ट रुळलेले होते. त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असे. दैनिकं वेबवर आली ती हाच वारसा घेऊन. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर पानाबरोबर धाडायचा, म्हणजे 'डायनॅमिक फॉन्ट'. १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ ला तो ईओटी स्वरूपात लागे, नेटस्केपला पीएफआर. उतरला तर अग्रलेख, नाही उतरला तर रोमन चिन्हांचा कचरा. इथे फॉन्टची रांग कितीही लांब लावा, उपयोग शून्य, कारण खाली मराठी मजकूरच नव्हता. मला हीच त्या काळातली खरी चूक वाटते. ईओटीचा त्यात दोष नाही.

अक्षर अक्षर म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. पण विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे. ती केली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जायची, जोडाक्षरं सुटी पडायची. डोळ्यांना त्रास, तरी वाचता येई आणि शोधताही येई. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला तो याच पायावर.

फॉन्ट धाडण्याची कल्पना २००८-०९ मध्ये सफारी ३.१ आणि फायरफॉक्स ३.५ मुळे पुन्हा वर आली. एक्सप्लोररला अजून ईओटीच हवा होता, आणि इतरांसाठी दिलेली फॉन्टची यादी तो एकच लांबलचक पत्ता समजून वाचे. २०११ मध्ये यावर उतारा निघाला: ईओटीच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह. त्यापुढचं सगळं एक्सप्लोररला पत्त्याची शेपटी वाटे आणि तो गुपचूप योग्य फाइल उचले. सीएसएसच्या इतिहासातलं इतकं खट्याळ विरामचिन्ह दुसरं नसेल!

पाठोपाठ 'अ‍ॅट-सपोर्ट्स' आलं: ब्राउझरलाच विचारायचं, बाबा रे, तुला ग्रिड हे मांडणीचं तंत्र येतं का? २०१३ पर्यंत ऑपेरा, फायरफॉक्स आणि क्रोमला हा प्रश्न कळू लागला. एक्सप्लोररला तो कधीच कळला नाही, म्हणून तो अख्खा भाग सोडून जुन्या मांडणीवर राही. हवं होतं तेही तेवढंच. 'येतं' म्हणून सांगणारा पण अर्धवट जमणारा ब्राउझर मात्र अजूनही छळतो.

'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता आज फुकट मिळतो, पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. म्हणून आधी फोनमधल्या फॉन्टात मजकूर दाखवून नंतर मुक्ता बसवतात. मात्रा आणि उकार यांच्यामुळे दोन फॉन्टांच्या ओळींची उंची जुळत नाही, आणि वाचता वाचता परिच्छेद खाली सरकतो. 'असेंट-ओव्हरराइड' या सीएसएसमधल्या सूचनेने ती उंची जुळवता येते, पण आकडा प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा शोधावा लागतो.