गोखले हॉल, २९ जानेवारी १९३९

आमचे आजोबा जत संस्थानातले. शेवटपर्यंत ते राजांचा उल्लेख 'सरकार' असाच करायचे, आणि मुंबई-दिल्लीच्या खऱ्या सरकारला मात्र 'हे लोक' म्हणायचे. "आमच्या सरकारांच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर घरात नकला व्हायच्या. असो. आजोबांची आठवण यायचं कारण म्हणजे या शनिवारी वाचलेलं एक जुनं व्याख्यान.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत (पूर्ण नाव गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था) काळे स्मारक व्याख्यानमाला आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली ही संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक. काळे गेल्यावर त्यांच्या नावाने, संस्थेच्या वार्षिक समारंभात, दरवर्षी एका पाहुण्याला बोलवायचं आणि सार्वजनिक प्रश्नावर बोलायला लावायचं अशी प्रथा १९३७ पासून पडली. (संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो फार नंतर, १९९३ मध्ये.)

२९ जानेवारी १९३९ चे पाहुणे होते डॉ. आंबेडकर. जागा गोखले हॉल. विषय 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम', म्हणजे संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य. सुरुवातीला ते काळ्यांबद्दल दोन शब्द बोलतात. दोघे जुन्या मुंबई कायदे कौन्सिलात एकत्र होते. प्रत्येक विषयाचा काळे किती कसून अभ्यास करायचे, याची आठवण ते सांगतात. मग सरळ मुद्द्यावर!

मुद्दा समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. १९३५ च्या कायद्याचे दोन मोठे भाग होते. एक प्रांतांची स्वायत्तता. तो १९३७ मध्ये लागू झाला, निवडणुका झाल्या, मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. दुसरा भाग अखिल भारतीय संघराज्याचा, ज्यात ब्रिटिश प्रांत आणि संस्थानं एकत्र यायची होती. पुरेशा संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या की तो चालू व्हायचा होता. १९३९ च्या जानेवारीत देशभर चर्चा याचीच होती. योगायोग बघा, त्याच २९ तारखेला काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक होती. सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवलं ती हीच, आणि तिथेही वादाचा एक मोठा विषय हे संघराज्यच होतं.

आता आकडे. वरच्या सभागृहात २६० पैकी १०४ जागा संस्थानांच्या. खालच्यात ३७५ पैकी १२५. लोकसंख्येत संस्थानांचा वाटा साधारण पावपट, जागा तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. आणि हे सभासद प्रजेने निवडायचे नव्हते, संस्थानिकाने नेमायचे होते. म्हणजे आजोबांच्या वतीने दिल्लीत जो कोणी बसला असता, तो सरकारांचा माणूस. शिवाय या नेमलेल्या माणसांना ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारावर मत द्यायची मुभा, पण ब्रिटिश हिंदुस्थानातून निवडून आलेल्याला संस्थानाच्या अंतर्गत कारभारात तोंड घालायची सोय नाही. समान नागरिकत्वही नाही.

इथपर्यंतची टीका तेव्हा बरेच जण करत होते. मी खुर्चीत सावरून बसलो ते पुढच्या भागाला. आंबेडकर कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाकडे जातात. बहुतेक वाचक परिशिष्टापर्यंत पोचतच नाहीत (आम्ही लायसन्स अ‍ॅग्रीमेंट वाचतो तितपत). या परिशिष्टात अशा तरतुदींची यादी होती, ज्या ब्रिटिश पार्लमेंटने बदलल्या तरी संस्थानाच्या सामीलनाम्याला धक्का लागत नाही. यादीबाहेरच्या तरतुदींना हात लावला तर करार मोडतो. आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार या बाबतीतले गव्हर्नर जनरलचे अधिकार? यादीबाहेर!

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगतो. तुम्ही एक इंटरफेस पब्लिश करता, पन्नास क्लायंट त्यावर उभे राहतात, आणि मग तो तुम्हाला कधीच बदलता येत नाही. सगळे म्हणत होते, आज अर्धवट का होईना घेऊ, पुढच्या व्हर्जनला पूर्ण जबाबदार सरकार मिळवू. आंबेडकरांचं म्हणणं, या रचनेला पुढचं व्हर्जनच नाही. लष्कर लोकांच्या हाती द्यायचं तर प्रत्येक संस्थानिकाची संमती लागेल. ती कोण देणार?

लक्षात घ्या, हे बोलणारा माणूस बाहेरून दगड मारणारा नव्हता. गोलमेज परिषदेत, जिथे हे संघराज्य जन्माला आलं, तिथे ते स्वतः बसलेले होते. मला व्यक्तिशः एककेंद्री राज्यपद्धती जास्त पसंत आहे, हेही ते व्याख्यानात मोकळेपणाने सांगतात, आणि प्रांतिक स्वायत्तता हवी तर संघराज्य अटळ आहे हेही लगेच मान्य करतात. भीती त्यांना याच आराखड्याची.

मीही बरीच पाहुण्यांची व्याख्यानं ऐकली आहेत. एकदा एका वक्त्याने ज्या धोरणावर बोलायचं त्याचा मसुदा वाचलेलाच नव्हता, स्लाईड्स मात्र सुंदर होत्या. चहा चांगला होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ११ तारखेला लिनलिथगोंनी संघराज्याची तयारी स्थगित झाल्याचं जाहीर केलं. तो भाग कधीच लागू झाला नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी सांगितलं की आपला संघ घटक राज्यांच्या करारातून झालेला नाही आणि म्हणून कुणालाही बाहेर पडायचा अधिकार नाही. ते वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं. त्यामागे हे परिशिष्ट असावं, हे मला या शनिवारी पहिल्यांदा जाणवलं. व्याख्यानमालेतले एक पुढचे पाहुणे ठक्करबाप्पा. १९४१ मध्ये ते आदिवासींच्या प्रश्नावर बोलले, आणि मग तेही घटना समितीत त्याच विषयाच्या उपसमितीचे अध्यक्ष झाले.

व्याख्यान आज महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात (१९७९) सापडेल. इंग्रजी आहे, जड आहे, कलमांचे आकडे खूप. पण एकदा वाचाच.

राहिले आजोबा. त्याच जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली. औंध संस्थानचा आटपाडी भाग जतच्या जवळच. आजोबांनी हे ऐकलं नसेल असं होणार नाही. पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मार्च १९४८ मध्ये जत मुंबई प्रांतात विलीन झालं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला आजोबा बैलगाडीने मतदानाला गेले होते, आजीला घेऊन. मत कुणाला दिलं ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही, आणि परत येताना म्हणाले म्हणे, "सरकारांना कळलं तर काय वाटेल?"