विखुरलेल्या टिपणांचा एकच शोध

लिहिण्या-वाचण्याचा उद्योग करणाऱ्या माणसाची टिपणे आज एका जागी नसतात. काही फोनवरच्या ॲपमध्ये असतात, काही संगणकावरच्या दुसऱ्या ॲपमध्ये, तर काही केव्हातरी वापरून सोडून दिलेल्या तिसऱ्यात अडकलेली असतात. प्रत्येक ॲपची शोधपट्टी आपल्या हद्दीत चोख काम करते. अडते ते एकच शब्द सगळीकडे मिळून शोधायची वेळ आली की. यावर बहुधा आणखी एक, अधिक ताकदीचे ॲप घ्यायला सांगितले जाते. टिपणे लावण्याचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहता मला हा सल्ला चुकीचा वाटतो. शोध जेव्हा जेव्हा एका कपाटातून बाहेर पडून सगळीकडे चालू लागला, तेव्हा त्यामागे मजकूर कसा साठवायचा याविषयी झालेली सहमती होती. शोधणारी यंत्रे तिच्या मागून आली. मराठीला तर या सहमतीसाठी फार थांबावे लागले, आणि तिचे काम अजून पुरते झालेले नाही.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६८६ मध्ये ॲमस्टरडॅमहून निघणाऱ्या एका फ्रेंच नियतकालिकात टिपणवही लावण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. वहीच्या आरंभी सूचीचा एक तक्ता आखायचा. विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, एवढ्यावर त्याचे घर ठरायचे. विषय ‘एपिस्टोला’, म्हणजे पत्र, असेल तर ‘ई’ अक्षरापुढच्या ‘आय’ या स्वराच्या घरात पानाचा आकडा टाकायचा. वीस अक्षरे आणि पाच स्वर अशा शंभर घरांत सारी वही बसे. विषयांची यादी आधी करून ठेवावी लागत नसे, पाने वाया जात नसत. पण ही सूची त्या एका वहीची होती. दुसरी वही सुरू केली की दुसरा तक्ता. शिवाय सापडे तो विषय. टिपणाच्या पोटातला शब्द सापडत नसे. तीनच वर्षांनी, १६८९ मध्ये, हँबुर्गच्या व्हिन्सेंट प्लाक्सियसने दुसरी वाट छापून मांडली: वही सोडायची, सुटे कागद करायचे आणि कपाटातल्या आकड्यांवर विषयवार अडकवायचे. असे एक कपाट जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सकडेही होते. सुटी चिठ्ठी हलवता येते, दुसऱ्याच्या चिठ्ठ्यांत मिसळता येते, ही मोठीच सोय होती. तरी दोन कपाटांचे विषय जुळले नाहीत तर शोध पुन्हा दोनदा करावा लागे. वही असो की कपाट, शोधाची किल्ली टिपणाच्या बाहेर, लावणाऱ्याने ठरवलेल्या विषयांत होती.

ही किल्ली टिपणाच्या आत आली ती अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये. त्याआधी १९६३ मध्ये ॲस्की हे प्रमाणक ठरले होते: सात बिटांत बसणारी १२८ चिन्हे, आणि कोणत्या आकड्याला कोणते अक्षर याचा एकच तक्ता. युनिक्स प्रणालीने त्यावर आणखी एक शिस्त चढवली. फाइल म्हणजे नुसती बाइटांची रांग; ती कोणत्या प्रोग्रामने लिहिली याची खूण तिच्यावर नाही. १९७३ च्या सुमाराला तिथले संशोधक ली मॅकमहॉन अमेरिकी राज्यघटनेची बाजू मांडणारे ‘फेडरलिस्ट’ निबंध तपासत होते. हे ८५ निबंध हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांचे. पण काहींचा लेखक कोण यावर वाद होता. मजकूर इतका मोठा की ‘एड’ या संपादकात तो मावेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी एडमधली शोधण्याची आज्ञा वेगळी काढून तिचा स्वतंत्र प्रोग्राम केला. तोच ‘ग्रेप’. तो फाइल आतून ओळीओळीने वाचतो आणि जुळणारी ओळ पुढ्यात ठेवतो. फाइल कोणत्या संपादकात लिहिली हे त्याला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. ग्रेपचे सामर्थ्य मला या अज्ञानात दिसते. त्याची चालाखी कमी नाही, पण एकसारख्या फाइली समोर नसत्या तर ती कुठेच चालली नसती.

याचा उलटा पुरावा ‘वर्डस्टार’मध्ये मिळतो. १९८० च्या दशकात हा प्रोग्राम ऑफिसांतून सर्रास वापरला जाई. त्याच्या नेहमीच्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवलेला असे. ओळी जुळवताना वर्डस्टारला त्याचा उपयोग होई. पडद्यावर मजकूर अगदी ठीक दिसे. पण बाहेरच्या प्रोग्रामला शब्दाचे शेवटचे अक्षर भलतेच वाचले जाई आणि पूर्ण शब्द शोधला तर मिळत नसे. शब्द तोच, यंत्र तेच. मोडली होती ती फक्त सहमती.

मग या सहमतीवर कोणी काय उभारले? १९९० च्या दशकात ॲरिझोना विद्यापीठातल्या उदी मॅनबर आणि सन वू यांच्या ‘ग्लिम्प्स’ने सबंध डिस्कवरच्या फाइलींची छोटी सूची करून शोध झटपट केला, २००५ मध्ये ॲपलने ‘स्पॉटलाइट’ थेट संगणकाच्या प्रणालीतच आणले. झॅकरी श्नाइरोव्ह यांच्या ‘नोटेशनल व्हेलॉसिटी’त शोधायची आणि नवे टिपण करायची पट्टी एकच होती: अक्षरे टाइप करत जावे तशी यादी आक्रसत जाई. टिपणे तो एका डेटाबेसमध्ये ठेवी, पण एक पर्याय निवडला की प्रत्येक टिपण फोल्डरमधली सुटी मजकूर-फाइल होई. तसे केले की तीच टिपणे स्पॉटलाइटला दिसत, ग्रेपला दिसत, दुसऱ्या कुठल्याही संपादकात उघडत. अलीकडच्या ‘ऑब्सिडियन’ने टिपणे पहिल्यापासूनच मार्कडाउन या साध्या खुणांच्या फाइलींत ठेवली. दोन ॲपना एकच फोल्डर दाखवला की ‘अनेक ॲपमध्ये एकत्र शोध’ हा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

डेटाबेस ठेवणारी ॲप यावर म्हणतील की वेग, चित्रे, कुलूप हे सगळे साध्या फाइलीत मिळत नाही. वेगाचा मुद्दा टिकत नाही. ग्लिम्प्सची सूची मजकुराबाहेर होती. पुसली तर पुन्हा करता येत होती, मजकुराला धक्का लागत नव्हता. कुलपाचा मुद्दा मात्र खरा आहे. जे कोणालाही वाचता येते ते चोरालाही वाचता येते, आणि खासगी टिपणांपुरता बंद डेटाबेस हाच शहाणा निर्णय ठरू शकतो. ‘एक्सपोर्टची सोय दिली आहे ना?’ या उत्तराने माझे समाधान होत नाही. एक्सपोर्ट ही त्या दिवसाची नक्कल असते. उद्या केलेली दुरुस्ती तिच्यात नसते. ‘गूगल नोटबुक’ २०१२ मध्ये बंद झाले तेव्हा एक्सपोर्टने मजकूर वाचवला, हे खरे. पण मजकूर वाचणे आणि रोजच्या कामात तो सापडत राहणे या दोन गोष्टी आहेत.

याहून वजनदार आक्षेप जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांच्या नावाने घेता येतो. त्यांच्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या आणि त्या मानाने शब्दसूची अगदी लहान. एका चिठ्ठीवरून दुसरीवर जाण्यासाठी ते क्रमांकांचे दुवे वापरत. म्हणजे विचार करणाऱ्याला शोधापेक्षा दुवे महत्त्वाचे, असे म्हणता येईल. मान्य. पण लूमानांचे दुवे चिठ्ठीवरच शाईने लिहिलेले क्रमांक होते. कपाट बदलले असते तरी ते तुटले नसते. दुवा मजकुरातच लिहिलेला असेल तर तोही शोधता येतो. ॲपच्या पोटात दडवला असेल तर ॲपबरोबर जातो. अर्थ ओळखून शोधणाऱ्या नव्या यंत्रांचेही तसेच आहे. त्यांना आधी मजकूर वाचू तर द्यावा लागतो.

आता मराठीकडे वळू. साधा मजकूर ही निसर्गदत्त वस्तू नाही, तो करार आहे, हे इंग्रजी लिहिणारा सहज विसरतो. मराठी लिहिणाऱ्याला ते विसरता येत नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक झाले, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचे रूप आले, आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने ते संगणकावर चालवून दाखवले. त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. पण छपाईच्या धंद्यात रुळले ते फॉन्ट. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि ते कसे बसवायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ‘कृतिदेव’मध्ये पडद्यावर ‘राम’ दिसतो. फाइलीत असतात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे. ‘कवि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी साठते, कारण ती आधी दिसते. फॉन्ट बदलला की शब्द बदलला. ज्यांनी हे केले त्यांना दोष देणे मात्र अन्याय होईल. त्या काळच्या संगणक-प्रणालींना देवनागरीची जोडाक्षरे मांडताच येत नव्हती, आणि वर्तमानपत्राला उद्या सकाळी कागदावर मराठी हवे होते. ती गरज त्या फॉन्टनी भागवली. किंमत पडली ती शोधाची. त्या वर्षांतला कितीतरी मराठी मजकूर डोळ्यांना मराठी आणि यंत्राला अगम्य राहिला. आजही तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणकाने १९९१ मध्येच देवनागरीला घर दिले होते, आणि ती मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. पुढच्याच वर्षी त्याच केन थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची रचना केली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेते, पण ॲस्कीची जुनी फाइल जशीच्या तशी चालते. म्हणून बाइट जुळवणाऱ्या ग्रेपला मराठीही शोधता आली. आपल्या भाषेला त्याचा एक खास फायदा झाला. प्रत्ययांनी शब्दाचे शेपूट बदलत असल्यामुळे अख्ख्या शब्दांची सूची करणारा शोध ‘घोडा’ म्हटल्यावर ‘घोड्याला’ देत नाही. अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला ‘घोड’ दिले की दोन्ही मिळतात. (‘पाऊस’ आणि ‘पावसात’ यांच्यापुढे तोही हरतो.)

तरीही करार अपुरा आहे. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो: कुठे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲप’मधल्या ॲला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्याआधीचा मजकूर अ आणि वरची अर्धचंद्राची मात्रा असा दोन तुकड्यांत आहे. डोळ्याला फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. युनिकोडचे प्रमाणीकरण यातली कोणतीच जोडी एक मानत नाही. त्यात १९६२ च्या लेखननियमांनी गाळलेले अनुस्वार धरले, तर ‘काही’ शोधणाऱ्याला जुन्या पुस्तकातून उतरवलेले ‘कांहीं’ मिळणार नाही. जुनी टिपणे बदलून एकसारखी करणे हा यावर उपाय नाही. उतारा जसा होता तसाच राहायला हवा. समानता शोधताना मानायची असते. त्यासाठी मराठीतल्या अशा समरूपांची एक उघडी यादी हवी, साध्या मजकुरात, कोणत्याही ॲपला उचलता येईल अशी. ती एकदा झाली की टिपणे कोणत्या ॲपमध्ये आहेत याला मराठी शोधापुरते फारसे महत्त्व उरणार नाही.