ग्रंथ डोक्यावर घ्यायचा की डोक्यात?

पावसाळ्यात ताडोब्याचा कोअर बंद असतो. जिप्सी उभ्या, गाईड मोकळे. याच वर्षावासात मोहर्लीच्या विहारात आम्ही संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी 'साधु, साधु, साधु' आणि सगळे घरी. परवा एका ताईने विचारले, "यातलं मला काय समजलं, ते मी कधी सांगायचं?"

हा प्रश्न जुना आहे. १६५२ मध्ये इंग्लंडातल्या एका चर्चमध्ये जॉर्ज फॉक्सने लोकांना विचारले होते : ख्रिस्त काय म्हणाला, प्रेषित काय म्हणाले हे तुम्ही सांगता, तुमचे स्वतःचे सांगणे काय? ऐकणाऱ्यांत मार्गारेट फेल होती. ती क्वेकर झाली. क्वेकरांनी पुरोहित नाकारला. शांत बसायचे, आतून उमगेल त्याने किंवा तिने उठून बोलायचे. पुढे १६६६ मध्ये, तुरुंगात असताना, फेलने त्याच बायबलच्या आधारे स्त्रियांचा उपदेशाचा हक्क मांडला.

पण मित्रांनो, एवढ्यावर भाळू नका. क्वेकरांतही गुलाम बाळगणारे होते. १६८८ मध्ये अमेरिकेतल्या जर्मनटाऊनच्या चौघांनी गुलामीविरुद्ध निवेदन दिले. सभांनी ते बाजूला ठेवले. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली ती १७७६ मध्ये. ८८ वर्षे आतला प्रकाश तेवत होता आणि बेड्याही तशाच होत्या. बदल घडायला समूहाला निर्णय घ्यावा लागला.

बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरेची कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला वाद पुढे आणला. काही म्हणतील, प्रत्येकाने आपापला अर्थ काढला तर धम्माचे वाटोळे होईल. त्यावरची कसोटी बाबासाहेबांनीच दिली आहे : जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, माणसाच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धाचे. शिवाय धम्म ही एकट्याची बाब नाही, तो सामाजिक आहे, हेही त्यांनी बजावले.

मोहर्ली इरई धरणाच्या काठावर आहे. पाणी कोणाचे, जंगल कोणाचे, हे प्रश्न इथे रोजचे आहेत. रोहिणीचे पान आम्ही नुसते हात जोडून ऐकणार असू, तर ते वाचले कशाला?

म्हणून आम्ही ठरवले आहे : रोज थोडेच वाचायचे. पाच मिनिटे शांत बसायचे. मग ज्याला जे उमगले ते त्याने बोलायचे, आधी बायांनी. शेवटी एकच प्रश्न : उद्या वस्तीत काय करायचे? दुसऱ्या दिवशी वाचन सुरू होण्याआधी त्याचा हिशेब द्यायचा.

त्या ताईला आम्ही सांगितले, उद्या पहिली तूच बोल.

जय भीम!